चौदा जणांची नाडी

आमच्या धंद्यात घरी बसून फॉर्म भरणाऱ्याला ‘कादंबरीकार’ म्हणतात. दारोदार हिंडून लोकांना साबण, बिस्किटं, गाद्या यांच्याबद्दल काय वाटतं ते विचारायचं आणि उत्तरं फॉर्मात उतरवायची, हा आमचा बाजार-पाहणीचा धंदा. ऊन वाढलं की काही जण एखाद्या झाडाखाली बैठक मारतात आणि नसलेल्या गृहिणींची नसलेली मतं लिहून मोकळे होतात. मी सव्वीस वर्षांत असा एकही फॉर्म भरलेला नाही. माझ्या अंगावर कुत्री सोडली गेली आहेत, एका बाईंनी मला गादीवाला समजून दोन तास जुन्या गादीची तक्रार ऐकवली आहे, पण फॉर्म खरा तो खराच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते ऐकून घेणार नाही.

तर एका सोमवारी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे उरलेल्या तिघांना: मी, टायपिस्टबाई आणि आबा. एके काळी आमच्या विभागात एकोणीस माणसं होती. आता रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर जुने फॉर्म बसतात.

"नवं काम आलंय," मॅडम म्हणाल्या. "पळायला शिकवणारं ॲप आहे."

"पळायला शिकावं लागतं?" आबांनी विचारलं.

लागतं म्हणे. मनगटावर एक पट्टा बांधायचा. तो नाडी मोजतो, पावलं मोजतो, आणि ॲपमधला कृत्रिम बुद्धीचा प्रशिक्षक त्या पट्ट्यातून तुमच्याशी बोलतो: वेग वाढवा, श्वास सांभाळा, काल कुठे होतात. यासाठी लोक दरमहा वर्गणी भरतील का, एवढंच कंपनीला जाणून घ्यायचं होतं. वीस माणसांना सहा आठवडे पट्टे द्यायचे. निदान चौदा जण शेवटपर्यंत टिकले पाहिजेत, नाहीतर चाचणी रद्द.

"टिकले तर पुढच्या वर्षभराची मोठी पाहणी आपल्याकडे," मॅडम म्हणाल्या. "नाही टिकले तर वरचं पत्र तयारच आहे. विभाग बंद."

टायपिस्टबाई खाली बघायला लागल्या. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळून आहेत आणि घरात मिळवणाऱ्या त्या एकट्या. आबांना निवृत्तीला दहा महिने राहिले होते. आबा आमचे तपासनीस. मी भरून आणलेल्या फॉर्मांपैकी काही निवडून ते त्या माणसांना फोन करतात, कधी घरी जातात, आणि खात्री पटली तरच ‘तपासले’ असं लिहून सही करतात. तीस वर्षांत त्यांनी अकरा कादंबरीकार पकडले आणि एकाचीही गय केली नाही. त्यांचा डावा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळे जिना ते आडवे चढतात, पण चौथ्या मजल्यावरची गृहिणी खरी आहे की नाही हे पाहायला चौथ्या मजल्यावर जातातच.

नियमाप्रमाणे वीस माणसं शहरभरातून निवडायची असतात. पण प्रवासखर्चाचा अर्ज मंजूर व्हायला सहा आठवडे लागतात आणि चाचणीच सहा आठवड्यांची होती. म्हणून मी वीसच्या वीस माणसं आमच्याच इमारतीतून घ्यायचं ठरवलं. पट्ट्यांची पेटी घेऊन घरी आलो तेव्हा बायको दारातच म्हणाली, "बस समोरून निघून गेली तरी तुम्ही पाऊल झपझप उचलत नाही. तुम्ही लोकांना पळायला लावणार?"

"मला पळायचं नाहीये," मी शांतपणे म्हणालो. "मी शास्त्रीय पाहणी करणार आहे."

"बरं," ती म्हणाली. तिच्या ‘बरं’मध्ये लग्नाची सत्तावीस वर्षं असतात.

फुकट मिळणारी वस्तू नाकारणारा माणूस मला माझ्या सबंध कारकिर्दीत भेटलेला नाही. एका संध्याकाळी एकोणीस पट्टे संपले. मात्र प्रत्येक पट्ट्यामागे मला एकेक सल्ला घ्यावा लागला. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या हेडबाई, यांचं मत पळणं अनवाणीच असावं असं होतं. मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी शरीर ही गाडीच असल्याचं सांगून मला पहिल्या गिअरमध्ये कसं पळायचं ते जिन्यात करून दाखवलं. दातांची डॉक्टर असलेली वरची मुलगी म्हणाली, "काका, पळताना दात आवळायचे नाहीत." यातला एकही जण गेल्या दहा वर्षांत पळालेला नव्हता, पण माहिती सगळ्यांनाच होती.

अडले ते सेक्रेटरी. इमारतीची नियमावली काढून ते म्हणाले, "आवारात ‘चालणे’ आणि ‘वाहन लावणे’ एवढ्याच गोष्टींना परवानगी आहे. पळण्याचा उल्लेख नाही."

"पळणं म्हणजे भरभर चालणंच की."

"मग तसं लिहून द्या. तीन प्रतींत."

दिलं. समितीची सभा झाली, तीत भरभर चालणे आणि पळणे यांतल्या फरकावर दीड तास चर्चा झाली आणि अखेर सकाळी पावणेसहा ते सव्वासहा या वेळात, कोपऱ्यावर वेग कमी करण्याच्या अटीवर, मंजुरी मिळाली. विसावा पट्टा सेक्रेटरींनी स्वतःसाठी ठेवून घेतला.

पहिला आठवडा पाहण्यासारखा होता. वीस माणसं नवे बूट घालून आवारात गोल फिरत होती आणि मी वही घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. दुसऱ्या आठवड्यात गळती लागली. आधी मोटारमास्तर गेले. "अठरा वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यावर ओरडतोय," ते म्हणाले. "आता माझाच हात माझ्यावर ओरडणार? नाही जमणार." तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यात प्रशिक्षकाने बायकोला ‘शाबास’ आणि नवऱ्याला ‘वयाचा विचार करा’ असं म्हटलं, त्यावरून दोन दिवस अबोला झाला आणि समेटाची अट म्हणून दोघांनी पट्टे परत केले. आणखी तिघांनी काही कारणसुद्धा दिलं नाही, मला पाहिलं की जिना बदलायला लागले. दुसरा आठवडा संपला तेव्हा बरोबर चौदा उरले होते. आता एक जरी गेला तरी टायपिस्टबाई, आबा, मॅडम आणि मी, सगळेच गेलो.

आमच्या इमारतीत गावाला जाणारा माणूस घराची किल्ली आमच्याकडे ठेवतो. कुंड्यांना पाणी घालायचं, पत्रं काढून ठेवायची, हे बायको वर्षानुवर्षं करत आली आहे. तिसऱ्या सोमवारी हेडबाई आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या. त्यांनी किल्ली दिली, कोणत्या कुंडीला किती तांबे ते सांगितलं, आणि किल्लीवर पट्टा ठेवून म्हणाल्या, "हाही रोज जरा फिरवून आणा. खाडा पडायला नको."

खोटी हजेरी लावणाऱ्या मुलींना आयुष्यभर बाकावर उभं करणाऱ्या बाई या! मी पट्ट्याकडे पाहिलं. कुंडीला पाणी घालणं आणि पट्टा फिरवणं यात तसा फरक काय, असा विचार माझ्या मनात आला. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आयुष्यात प्रथमच आवारात पळालो. वॉचमनला वाटलं, घरात काहीतरी झालंय. तो माझ्यामागून पळत आला.

ही बातमी जिन्यातून वर चढायला एक दिवस लागला. "काका, हेडबाईंचा नेताच आहात, तर माझाही न्या ना," दातांची डॉक्टर म्हणाली. मग कोणाचा घसा धरला, कोणाची पाठ. एकाने तर सरळ सांगितलं, सकाळी उठवत नाही. हेडबाई परत आल्या, पण पट्टा त्यांनी परत घेतलाच नाही. शेवटचा पट्टा सेक्रेटरींनी आणून दिला, ‘तात्पुरत्या ताब्यात देत आहे’ असं पत्र जोडून, आणि माझ्याकडून पोच घेतली.

आता तुम्ही मला कादंबरीकार म्हणाल. पण कादंबरीकार झाडाखाली बसतो, आणि मी पळत होतो. प्रत्येक पाऊल खरं होतं, घामही खरा होता. पावलं कोणाची एवढाच काय तो तपशिलाचा प्रश्न होता. अशी माझी मी समजूत घालत होतो, आणि दम लागलेल्या माणसाला स्वतःची समजूत पटकन पटते.

उजव्या हातावर सात, डाव्या हातावर सात. ते दिसू नयेत म्हणून भर उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचा स्वेटर घालायचो. प्रत्येकाने प्रशिक्षकाचा स्वभाव आपापल्या आवडीने निवडलेला होता. सेक्रेटरींचा लष्करी होता, हेडबाईंचा मृदू, दातांच्या डॉक्टरचा खेळकर. एका गृहस्थांनी ‘वडीलधारा’ निवडला होता, तो सारखा निराश व्हायचा. मी जरा मंदावलो की कोपरापासून मनगटापर्यंत गलका उठायचा. एक म्हणायचा लाज वाटू द्या, दुसरी म्हणायची छान चाललंय, तिसरा म्हणायचा तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझ्या स्वतःच्या वडिलांनीही मला एका दमात इतकी नावं ठेवली नव्हती.

त्यातच क्रमांक सातचं खातं गोठलं. दातांची डॉक्टर सव्वीस वर्षांची, आणि तिच्या नावावर माझी नाडी. तिचं हृदय तीन आठवड्यांत तीस वर्षांनी म्हातारं झालं असा निष्कर्ष काढून प्रशिक्षकाने डॉक्टरचा दाखला मागितला. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.

"नाडी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"आणि दाखला कोणाच्या नावाने?"

"सव्वीस वर्षांच्या एका मुलीच्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी कोणी आहे का तुमच्या?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यांना पाठवा."

शेवटी त्या मुलीने स्वतःच स्वतःच्या दवाखान्याच्या कागदावर ‘दात व हिरड्या उत्तम स्थितीत’ असा दाखला दिला. वर डॉक्टर आणि खाली शिक्का दिसल्यावर प्रशिक्षकाने तो मान्य केला. उलट कंपनीचं कौतुकाचं पत्र आलं. चौदा माणसं एका वेगाने पळतात, कोणी कोणाला मागे टाकत नाही, एवढी एकजूट त्यांनी कुठेच पाहिली नव्हती.

पाचव्या आठवड्यात आबांनी तपासणीचे फोन केले. माझ्यावरच्या प्रेमापोटी सगळ्या शेजाऱ्यांनी एकच सांगितलं: रोज पळतो, मजा येते, वर्गणी आनंदाने भरू. हेडबाईंनी तर वेगही सांगितला. इथेच घात झाला. चौदा माणसं एकसारखी बोलली की आबांचे कान टवकारतात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते आले. मी कोपऱ्यावरून वळलो तर फाटकाशी आबा उभे, एक हात गुडघ्यावर. मी थांबलो तसे चौदाही आवाज सुरू झाले. आबा जवळ आले, त्यांनी माझी उजवी बाही वर केली, मग डावी. बोट ठेवून मोजले.

"चौदाही?"

"घरी बसून नाही भरलं, आबा," मी धापा टाकत म्हणालो. "शप्पथ. पळालोय मी."

आबा कठड्यावर बसले. मग म्हणाले, "चहा मिळेल का?"

वर आले, आडवे आडवे, दोन मजले. बायकोने चहा ठेवला आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखून आत गेली. आबांनी अर्धा कप संपवला. पिशवीतून फॉर्म काढले, पेन उघडलं, आणि एकेका फॉर्मवर ‘तपासले’ लिहून सही केली. चौदा वेळा. सही नेहमीसारखीच ठसठशीत होती.

"टायपिस्टबाईंना या वयात दुसरीकडे कोण घेणार," ते पेन बंद करताना म्हणाले. मला नाही, कपाला सांगितल्यासारखं. मग उठले आणि जिना उतरायला लागले. मी वरून पाहत राहिलो. त्या माणसाने माझ्यावर ओरडायला हवं होतं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी कंपनीचा मालक स्वतः आला. तिशीतला, पांढऱ्या बुटांचा, बोलताना खुर्चीत न बसणारा. टायपिस्टबाईंनी अहवाल सुबक टाइप केला होता. बाजाराची शक्यता: उत्तम. मालकाने पानं उलटली आणि आबांच्या सहीवर बोट ठेवलं. "हे गृहस्थ खोटं पास करत नाहीत असं ऐकलंय मी. म्हणून तर तुमच्याकडे आलो." सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा टेबलाच्या कडेकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मला ते पाहवलं नाही. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं: किल्ली, कुंड्या, स्वेटर, दातांचा दाखला. आबांना मीच फसवलं, असंही ठोकून दिलं. चौदा माणसं नाहीत, एकच आहे, ॲप कोणालाही नको आहे, बाजार शून्य. खरं सांगायचं तर बोलत असताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. विभाग बुडाला तरी माणूस वाचला, असलं काहीतरी मनात चालू होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

मालक पहिल्यांदाच खुर्चीत बसला. "तुम्हाला पळायला आवडतं?"

"नाही."

"आमचा प्रशिक्षक आवडला?"

"चौदातला एकही नाही."

"मग चार आठवडे, एकही दिवस न चुकता, का पळालात?"

"नोकरी जाईल म्हणून."

त्याने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांकडे पाहत तो म्हणाला, "आम्ही चुकीच्या लोकांना विचारत होतो. स्वतःच्या हौसेने पळणारा माणूस दोन आठवड्यांत सोडतो. पण वर्गणी त्याच्या ऑफिसने भरली, तर कोण सोडेल?" तो उठला, त्याने माझा हात हातात घेतला. "बाजार आहे, साहेब. फार मोठा बाजार आहे. तुमच्यामुळे सापडला."

विभाग बंद झाला नाही. टायपिस्टबाईंची नोकरी राहिली, मॅडमना बढती मिळाली. आणि त्या ॲपचं पहिलं गिऱ्हाईक झालं आमचंच ऑफिस. परिपत्रक निघालं: सर्व कर्मचाऱ्यांनी सकाळी आठ वाजता गोदामामागच्या पटांगणात अर्धा तास पळायचं, तीन खाडे झाले की वार्षिक शेऱ्यात नोंद. पट्ट्याला आता कुलूप आहे. ते दुसऱ्याच्या हातावर बसत नाही. ही सुधारणा माझ्या निवेदनावरून केल्याचं परिपत्रकात कृतज्ञतापूर्वक नमूद केलं आहे, नावानिशी. तेव्हापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. हिशेब खात्यातल्या एका जाडजूड गृहस्थांनी मला पाहून थुंकल्यासारखं केलं, पण दम इतका लागलेला होता की तेही त्यांना नीट जमलं नाही.

आबांनी गुडघ्याचा दाखला दिला. आस्थापना विभागाने तो परत पाठवला. आता तब्येतीचा निर्णय प्रशिक्षक घेतो. प्रशिक्षकाने आबांची चाल पाहिली आणि कळवलं की त्यांनी पळणं थांबवू नये, फक्त वेग कमी ठेवावा. सध्याचा त्यांचा वेग शून्याच्या जरासा वर आहे.

"तुम्ही खरं बोललात आणि भोगतंय कोण," बायको म्हणाली. एवढंच. त्या दिवशी ‘बरं’सुद्धा म्हणाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात पटांगणात मी हिंमत केली. मंदावत मंदावत आबांच्या बाजूला आलो. ते डावा पाय ओढत, समोर पाहत चालले होते. शर्टाची पाठ भिजली होती.

"आबा, माझ्यामुळे झालं हे."

"हं."

"पण तुमच्या सहीसाठी बोललो मी. तुमचं नाव खोट्यात राहू नये म्हणून."

आबा थांबले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी दम घेतला. रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"तीस वर्षं मी कोणासाठी काही केलं नाही," ते म्हणाले. "नियमाने वागलो. अकरा माणसं घरी पाठवली, त्यांच्या घरी काय झालं ते कधी पाहायला गेलो नाही. एकदाच कोणासाठी तरी खोटी सही केली. तेवढी तरी राहू द्यायची होतीस."

ते पुन्हा चालायला लागले. मी तिथेच उभा राहिलो. मागून येणारे लोक मला वळसा घालून पुढे जात होते, आणि का थांबलात म्हणून माझा पट्टा पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याला काय सांगणार? मी पळायला लागलो.